गाडीच्या शेपटीवरची धूळ

बाईंनी आयुष्यभर दात केले. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवायचे आणि बाई लॅबमधल्या आपल्या टेबलाशी बसून त्या मापाचा दात घडवायच्या, भाजायच्या, रंगवायच्या. बाईंचं काम तोंडात घेऊन फिरणारी माणसं शहरात जागोजाग भेटत, आणि बाई त्यांच्याशी बोलताना डोळ्यांकडे बघायचं सोडून ओठांकडे बघत. समोरच्याला वाटायचं, आपल्या तोंडाला काही लागलंय की काय. निवृत्त झाल्यावरही ही खोड गेली नाही.

कामात त्यांचा एक हट्ट होता. नवा दात पांढराशुभ्र करायचा नाही. "पांढरा कुणीही करेल," त्या हाताखालच्या मुलींना सांगायच्या, "शेजारच्या दातांच्या वयाचा करून दाखव." मग बारीक ब्रशने मुळाशी किंचित पिवळी झाक, चहाबाजाच्या दाताला चहाची, सिगरेटवाल्याला सिगरेटची, आणि कुठेतरी केसाएवढी चीर. एखादं गिऱ्हाईक कुरकुरायचं, की नवा दात घेतला तर तो जुना का दिसतोय. बाई म्हणायच्या, "चारचौघांत एकदा मनमोकळं हसा, मग या भांडायला." भांडायला कुणी आल्याचं ऐकिवात नाही.

त्यांचे यजमान म्हणजे उस्ताद. गॅरेजातले लोक त्यांना याच नावाने हाक मारायचे, पुढे गल्लीनेही तेच उचललं. बाईंच्या तोंडी मात्र "अहो" शिवाय दुसरा शब्द नव्हता. तरुणपणी उस्ताद गॅरेजच्या मालकांच्या शर्यतीच्या गाडीचे मेकॅनिक होते. गाडी तेव्हाच म्हातारी होती. वरून उघडी, एकट्याने बसायची, पुढे लांबलचक बॉनेट, तारांची चाकं आणि मागे निमुळती होत गेलेली शेपटी. जुन्या गाड्यांच्या शर्यती व्हायच्या, त्यांत मालक ती चालवायचे आणि उस्ताद तिचे लाड करायचे. शर्यत संपली की आधी गाडीची आंघोळ, मग मालकांना पाणी. मालक यावरून चिडायचे, पण उस्तादांपुढे त्यांचं काही चालत नसे.

त्या उस्तादांचे हात आता थरथरत होते. सुरुवात उजव्या अंगठ्याने झाली, मग पंजा, मग डावीकडचाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी थोडा उतारही पडला. पण तोवर उस्तादांनी हात खिशात घातले होते, ते काही बाहेर येईनात. शर्टाची वरची बटणं लागत नसत, तर छाती उघडी टाकून "उकडतंय" म्हणत हिंडायचे, मग बाहेर थंडी का असेना. चहा प्यायचे तो बाईंसमोरच, अर्धा कप. कुणी घरी आलं की "आत्ताच झाला माझा" म्हणून मोकळे व्हायचे. बाईंना ते बघवत नसे, पण बोलायची सोय नव्हती.

त्यांची एकुलती एक लेक लांबच्या शहरात नोकरीला होती. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी उस्तादांची सक्त ताकीद होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. फोनमध्ये चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत, म्हणून ते खपून जात होतं. आणि अशात वडिलांच्या वाढदिवसाला लेकीने एक खोकं पाठवलं. वर चित्र होतं हिरव्या शर्यतीच्या गाडीचं, आत तिचे शेकडो बारके सुटे भाग.

"अगदी तुमच्या गाडीसारखी आहे की नाही, बाबा? तुम्हीच जोडायची, तुम्हीच रंगवायची. सुट्टीला आले की मी घेऊन जाणार. माझ्या टेबलावर ठेवायचीय मला."

"हो हो, करतो की," उस्ताद म्हणाले, आणि खोकं कपाटावर गेलं.

पुढच्या रविवारी लेकीने विचारलं, कुठवर आलंय. "चाललंय. चाकं बसवली," उस्ताद म्हणाले. खोक्यावरचा कागदही निघाला नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी स्टिअरिंग बसलं. मग रंग लागला. बाई आतून सगळं ऐकत होत्या. न राहवून त्या म्हणाल्या, "अहो, या वेगाने ती गाडी येत्या रविवारी शर्यत जिंकून घरी यायची."

उस्ताद हसले नाहीत. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "ती येईल तेव्हा काय करायचं गं?"

"सांगून टाकायचं. पोटची पोर आहे."

"एकदा हे हात बघितले ना तिने, की मी बाप राहणार नाही. पेशंट होईन. मग फोनवर काय विचारेल? गोळ्या घेतल्या का." ते खिडकीतून वळले. "अजून मला गाडीचं विचारते. ते राहू दे ना थोडे दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी स्टुलावर चढून खोकं काढलं, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि दातांची हत्यारं ठेवलेली पेटी उघडली. कोरण्या, चिमटे, बारीक कानशी, मधमाशीच्या पायासारखे ब्रश. उस्ताद दारात येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"तुम्ही थापा मारलेली गाडी. आता ती खरी नको का व्हायला? बसा इथे आणि सांगा, कुठून सुरुवात करू."

उस्ताद बसले, हात मांड्यांखाली दाबून. आणि सांगू लागले, तर थांबेनात. सांगण्यात त्यांना पहिल्यापासून भलतीच गोडी. "इंजिन आधी. नाही, तसं नाही, पालथं धरलंयस. अगं, तो कार्ब्युरेटर आहे, दाढ नव्हे." बाईंनी दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा चिमटा खाली ठेवून म्हणाल्या, "बत्तीस दात बिनतक्रार बसवलेत मी एकेका तोंडात. माझ्या हातावर बोलायचं काम नाही." मग अर्धा तास शांतता. मग पुन्हा, "पालथंच आहे."

पण गाडी होऊ लागली. बाईंना तारांची चाकं सगळ्यात आवडली. एकेक तार चिमट्याने बसवताना त्या श्वास रोखून धरायच्या, आणि शेजारी उस्तादही रोखायचे. बॉनेटवरचा कातडी पट्टा खोक्यातला प्लास्टिकचा होता, तो त्यांना पटेना. त्यांनी स्वतःच्या घड्याळाचा जुना पट्टा पातळ तासला आणि त्याची बारीक पट्टी लावली. रविवारी उस्ताद फोनवर सांगत, "पट्टा खऱ्या चामड्याचा केलाय." लेक म्हणे, "बाबा, तुमच्या हाताला तोड नाही." बाई आत कांदा चिरत असत. थोडं लागायचं त्यांना, खोटं कशाला सांगा. पण उस्तादांचा चेहरा तेवढा वेळ उजळलेला असायचा, म्हणून त्या कांदा चिरत राहायच्या.

हिरवा रंग चढला, वाळला, आणि गाडी आरशासारखी चमकू लागली. उस्ताद खूश झाले. बाईंनी मान तिरपी करून बघितलं.

"खोटी दिसतेय."

"खोटी कशी? अशीच होती. माझ्या हातून मळकी गाडी कधी बाहेर पडली नाही."

"बाहेर पडताना नसेल. परत यायची तेव्हा कशी असायची?"

"तेव्हा घाण असायची."

"मग मला ती घाण हवी. हे असं म्हणजे तोंडात बटण शिवल्यासारखं दिसतंय."

त्यावरून घरात चांगली जुंपली. उस्तादांचं म्हणणं, आयुष्यभर जी धूळ धुतली ती आता हौसेने लावायची म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण. बाईंचं म्हणणं, न धावलेली गाडी दुकानातही मिळते, लेकीने बापाची मागितलीय. हे शेवटचं वाक्य बोलून बाईंनी ब्रश बुडवला.

आधी त्यांनी पातळ काळपट रंग पत्र्यांच्या सांध्यांतून सोडला आणि वरचा पुसून घेतला. मग सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी. मग खडू आणि कोरडे रंग खलात घोटून केलेली पूड, मऊ ब्रशने, थरावर थर. पण बाई अंदाजाने काही लावत नसत. पेशंटला विचारावं तसं विचारत. "तेल कुठून गळायचं?" "डावीकडून, खालच्या झडपेपाशी." "मालक गाडीत चढायचे कुठून? रंग कुठे घासला जायचा?" "चढायचे कसले, उडी मारायचे. इथे बूट लागायचा, असा." आणि तो 'असा' दाखवायला उस्तादांचा हात मांडीखालून निघून टेबलावर आला. बोट थरथरत होतं, पण नेमक्या जागेवर होतं. बाईंनी हाताकडे बघितलंच नाही. गाडीकडे बघत त्या म्हणाल्या, "असा का? बरं." आणि तिथला हिरवा रंग कोरणीने किंचित खरवडला.

मग तसंच होत गेलं. बोलता बोलता हात बाहेर यायचे, लक्षात आलं की पळायचे. सगळ्यात जास्त धूळ कुठे बसायची, तर शेपटीवर, उस्ताद म्हणाले. तेलाचा फवारा मागे उडायचा आणि त्याच्यावर रस्त्याची माती चिकटायची. बाईंनी शेपटीवर दोन दिवस घातले. मुळाशी दाट, टोकाकडे विरळ, खिळ्यांच्या डोक्यांभोवती जराशी काळसर. संपली तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून बसल्या आणि स्वतःवरच खूश झाल्या. अख्ख्या कारकिर्दीत एवढं चोख काम आपल्या हातून झालं नाही, असं त्यांना वाटलं. आता वरून वॉर्निशचा एक हात बसला की पूड पक्की होणार होती. वॉर्निश संपलं होतं, म्हणून त्या पिशवी घेऊन दुकानात गेल्या.

परत आल्या तर उस्ताद टेबलाशी उभे होते. शेपटीच्या डाव्या बाजूची धूळ पुसली गेली होती, आणि मधून हिरवा रंग लखलखत होता. उस्तादांचा अंगठा मातीने माखला होता.

बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. "अहो, हात लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? होत नाही ना आता तुमच्याच्याने, मग कशाला मध्ये मध्ये?"

बोलून गेल्या आणि त्यांनाच ते ऐकू आलं. उस्तादांनी अंगठा पँटला पुसला, हात खिशात घातले आणि आत जाऊन पडून राहिले. त्यांनी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण एरवी बोलून बोलून कान किटवणारा हा माणूस, मनाला लागलं की असा मुका व्हायचा की विचारू नका.

बाईंनी दिवसभर मनात माफी मागितली, तोंडाने मागता येईना. मग त्यांनी त्यांना जमत होतं ते केलं. पूड घोटली आणि ती उघडी पडलेली जागा पुन्हा धुळीने भरून काढली. इतकी बेमालूम, की कुणी कधी तिथे हात लावला होता याचा मागमूस राहिला नाही. उस्ताद दारातून बघत होते. काम झाल्यावर बाई म्हणाल्या, "झालं बघा पहिल्यासारखं." "छान झालंय," उस्ताद म्हणाले, आणि त्या दिवसापासून टेबलाशी येऊन बसेनासे झाले. वॉर्निश लावायचं बाईंच्याही मनातून उतरलं. गाडी काचेच्या वाडग्याखाली झाकून ठेवली.

लेक आली. बॅग दारातच टाकून आधी टेबलाशी गेली. वाडगा उचलून ती नुसती बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, ही धूळ कशी केलीत? अशी वाटते की हात लावला तर गरम लागेल."

उस्ताद भिंतीशी खुर्चीत बसले होते, हात खिशात, बटणं उघडी. "होतं हळूहळू," ते म्हणाले. बाईंनी वळून चहा गॅसवर ठेवला. जिंकलो, असं त्यांना वाटायला हवं होतं.

लेक गाडीभोवती फिरली, वाकली, शेपटीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. मग म्हणाली, "आणि आईची जागा कुठाय?"

बाई थांबल्या. "कसली माझी जागा?"

"अगं, तुझ्या कोटाची." लेक दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. "मालकांचा दात तुटला होता तेव्हाची. गोष्ट माहीत आहे ना तुला?"

गोष्ट बाईंना माहीत नसायला काय झालं? हजारदा सांगितली होती त्यांनी. शर्यतीत दगड उडून मालकांचा पुढचा दात तुटला. मालक गाडी सोडून दवाखान्यात यायला तयार होईनात, आणि दाताचा रंग उजेडातच जुळवावा लागतो, म्हणून डॉक्टरांनी लॅबमधल्या नव्या मुलीला मैदानावरच पाठवलं. ती पांढरा कोट घालून, रंगांची पट्टी घेऊन गेली. पट्टी मालकांच्या तोंडाशी धरताना हात हलू नये म्हणून मागे गाडीला टेकली. कोटाची पाठ तेलामातीने बरबटली. मग एक मेकॅनिक रॉकेलचा बोळा घेऊन धावत आला आणि त्याने पुसून पुसून डाग दुप्पट केला. त्या कोटाचं शेवटी फडकं झालं आणि त्या मेकॅनिकचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतंच. बाईंची गोष्ट इथे संपायची.

"पण गाडीवर उमटली होती ना तू," लेक म्हणाली. "कोटाने धूळ पुसली गेली, तेवढीच जागा हिरवीगार. बाबांनी गाडी सगळी धुतली, पण शेपटी धुतली नाही. मालक ओरडले, तरी नाही. पुढची शर्यत तशीच पळाली ती. मी लहान असताना झोपताना हीच गोष्ट मागायचे त्यांच्याकडे. तुला नाही सांगितली कधी?"

बाईंनी उस्तादांकडे बघितलं. उस्ताद खिडकीबाहेर बघत होते, आणि या वयात त्यांचे कान लाल झाले होते.

"होती जागा," ते हळूच म्हणाले. "केली होती मी."

बाईंना आपलाच आवाज आठवला. होत नाही ना तुमच्याच्याने. त्यांना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. नवऱ्याने आपल्याला गाडीवर आणून ठेवलं होतं, आणि आपण आपल्याच हाताने स्वतःला धुळीखाली गाडलं, तेही किती नीटनेटकं. चहा ओट्यावर उतू गेला, त्यांनी गॅस बंद केला. मग गाडी उचलून त्यांनी उस्तादांसमोर स्टुलावर ठेवली.

"पुसा."

"तूच पूस."

"मला काय माहीत कुठे होती ती? मी पाठमोरी होते."

उस्ताद गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी लेकीकडे बघितलं. लेक समोरच उभी होती, हातभर अंतरावर, आणि तिला बाहेर पाठवायला काही निमित्त नव्हतं. बाईंना वाटलं, आपण फार मागितलं. त्या "राहू द्या" म्हणणार, एवढ्यात उस्तादांनी उजवा हात खिशातून काढला.

हात थरथरत गाडीपर्यंत गेला. लेकीने तो बघितला. आधी हात बघितला, मग उघडी बटणं, आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली बाईंना स्पष्ट दिसली. ती खाली गुडघ्यांवर बसली आणि स्टूल हलू नये म्हणून तिने ते दोन्ही हातांनी धरलं. उस्तादांचा अंगठा शेपटीवर टेकला, घसरला, पुन्हा टेकला. धूळ सुटत गेली आणि खालून हिरवा रंग वर आला.

"गाडी आईने केलीय," उस्ताद पुसता पुसता म्हणाले. "सगळी. मी नुसता बडबडत होतो."

"बरं," लेक म्हणाली.

उस्तादांनी हात उचलला. हात हलल्यामुळे जागा हवी त्यापेक्षा बरीच ऐसपैस झाली होती आणि तिच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या. बाईंनी चष्मा सारखा करून वाकून बघितलं.

"अहो, एवढी रुंद नव्हते मी."

"आता आहेस," उस्ताद म्हणाले.

लेक हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली, आणि तिने तो मातीचा हात धरून आपल्या गालाला लावला. हात तिच्या गालावरही थरथरत होता. उस्तादांनी तो काढून घेतला नाही. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि विचारलं ते एवढंच, "बाबा, चहा घेणार ना?"

"आत्ताच झाला माझा" हे वाक्य बाईंना आधीच ऐकू येऊ लागलं होतं.

"घेऊ की," उस्ताद म्हणाले. "पण अर्धाच दे, सांडतो माझ्याकडून."

तिघं टेबलाशी बसून चहा प्यायले. थोडा बशीत सांडला, थोडा अंथरलेल्या चादरीवर. उस्ताद लेकीला कार्ब्युरेटर कसा पालथा बसवला होता ते रंगवून सांगत होते, आणि सांगताना दोन्ही हात टेबलावर होते. गाडीला वॉर्निश बाईंनी संध्याकाळी लावलं, त्या जागेच्या कडा जराही सारख्या न करता. उस्तादांच्या कपाच्या कानावर धुळीचा एक अंगठा उमटला होता. बाकीची भांडी घासून झाली, पण तो कप बाईंनी तसाच फळीवर ठेवून दिला.